वाटा कशाच्या प्रमाणात?

कालव्याच्या टेलला पाणी पोहोचत नाही, ही तक्रार महाराष्ट्रात कालव्यांइतकीच जुनी आहे. आवर्तन सुटते, मुखाजवळच्या चाऱ्या भरून वाहतात, मधल्यांचे कसेबसे भागते आणि शेवटच्या चारीवरचा शेतकरी सात नंबरचा अर्ज वेळेत भरूनही रात्रभर कोरड्या बांधावर बॅटरी घेऊन बसतो. यात पाणीचोरी असते, वशिला असतो, फुटलेले अस्तरीकरण असते. पण हे सगळे क्षणभर बाजूला ठेवले, सगळी माणसे प्रामाणिक आहेत आणि सगळी दारे धड आहेत असे मानले, तरी एक प्रश्न उरतोच: टेलला किती पाणी दिले म्हणजे न्याय झाला? हे पुस्तक त्या उरलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

प्रश्न लहान करून मांडतो. एक कालवा आणि दोन चाऱ्या. दोन्हींवर सारखीच जमीन, सारखीच माणसे, एकच पीक. धरणातून एकूण १२ माप पाणी मिळणार आहे. मुखाकडच्या चारीला जेवढे सोडावे तेवढे पोहोचते. टेलकडे जाताना मात्र निम्मे पाणी वाटेत मुरते, म्हणजे तिथे १ माप पोहोचवायचे तर धरणातून २ सोडावी लागतात. आता वाटणी करा.

एक अभियंता म्हणेल, शेतात पोहोचणारे एकूण पाणी जास्तीत जास्त व्हायला हवे. मग टेलकडे एक थेंबही सोडून चालणार नाही. मुखाला १२, टेलला शून्य, एकूण १२. दुसरा म्हणेल, दोघांच्या वाफ्यात सारखेच पाणी पडले पाहिजे. मुखाला ४ आणि टेलला ४. टेलच्या ४ मापांसाठी ८ सोडावी लागतील, त्यातली ४ मुरतील आणि शेतात एकूण ८ मापेच पोहोचतील. तिसरा म्हणेल, मुरणे हा कुणाचा दोष नाही, दोघांच्या नावाने धरणातून सारखेच सोडा. ६ आणि ६. मुखाच्या शेतात ६, टेलच्या शेतात ३, एकूण ९.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला जो कधी बसला आहे त्याने हे तिन्ही युक्तिवाद ऐकलेले असतात, बहुधा एकाच दुपारी आणि चढ्या आवाजात. गणिताच्या बाजूने पाहिले तर या तिघांपैकी कुणीही चुकलेला नाही. प्रत्येकाने एकेक राशी मनात धरली आहे आणि ती शक्य तितकी मोठी केली आहे. पहिल्याने दोन वाट्यांची बेरीज मोठी केली. दुसऱ्याने दोघांतल्या लहान वाट्याला जमेल तितके वर उचलले. तिसऱ्याने नकळत दोन वाट्यांचा गुणाकार मोठा केला. पडताळून पाहा: पहिल्या वाटणीत गुणाकार शून्य, दुसरीत १६, तिसरीत १८, आणि १२ मापांच्या मर्यादेत १८ च्या वर जाणारी वाटणी सापडत नाही.

मर्यादा सांभाळून एखादी राशी मोठ्यात मोठी किंवा लहानात लहान करणे, एवढाच ऑप्टिमायझेशनचा अर्थ. कालव्यात १२ मापेच आहेत, ही मर्यादा. बेरीज, लहान वाटा किंवा गुणाकार यांतले काय मोठे करायचे, हे उद्दिष्ट. मर्यादा आणि उद्दिष्ट लिहून दिले की उत्तर शोधायची रीत, म्हणजे अल्गोरिदम, आपले काम चोख बजावते. दोन चाऱ्यांचे गणित तोंडी होते, दोन हजार चाऱ्यांचे संगणक करतो. पण कोणते उद्दिष्ट घ्यायचे हे त्याला आपणच सांगावे लागते. गेल्या काही वर्षांत ‘संगणकाने ठरवले’ हे वाक्य प्रवेशांपासून अनुदानांपर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागले आहे, आणि ते ऐकून माणसे गप्प बसतात, याची मला मनापासून काळजी वाटते. संगणकाने फक्त हिशोब केलेला असतो. ठरवलेले कुणीतरी आधीच असते, आणि काय ठरवले हे विचारण्याचा हक्क टेलच्या शेतकऱ्याला आहे. तो प्रश्न नेमका कुठे विचारायचा हे वाचकाला कळावे, यासाठी हे लिहिले.

तीन नियमांपैकी दुसऱ्याला या शास्त्रात मॅक्स-मिन म्हणतात. जॉन रॉल्सने १९७१ साली ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये मांडलेल्या विचाराशी त्याचे जवळचे नाते आहे: समाजात जो सर्वांत खाली आहे त्याची स्थिती ज्याने जास्तीत जास्त सुधारते, ती व्यवस्था बरी. हा नियम चालवायची रीतही सुटसुटीत आहे. सगळ्यांचे वाटे शून्यापासून सुरू करायचे आणि एकाच वेगाने वाढवत न्यायचे. ज्याची गरज भागली किंवा ज्याच्या वाटेत अडसर आला त्याचा वाटा तिथे थांबवायचा, बाकीच्यांचे वाढवत राहायचे. शेवटी कुणाचाही वाटा वाढवायचा तर त्याच्याइतक्याच किंवा त्याच्याहून गरीब असलेल्या कुणाचा तरी कापावा लागतो, अशी अवस्था येते. तिथे थांबायचे. पिण्याच्या पाण्याला हाच नियम हवा असे माझे मत आहे, आणि त्यात घासाघीस नको. शेतीच्या पाण्याला मात्र तो डोळे मिटून लावता येत नाही. वरच्या उदाहरणात टेलकडे जाताना निम्म्याऐवजी १०० पैकी ९९ मापे मुरतात असे धरा. मग दोघांना सारखे देण्याच्या आग्रहापायी दोघांच्याही हाती जेमतेम ०.१२ माप येईल आणि बाकीचे सगळे पाणी जमिनीत जाईल. अशा ठिकाणी आधी चारीचे अस्तरीकरण करायला हवे, किंवा टेलला विहिरीचे पाणी द्यायला हवे. वाटणीच्या नियमाकडून ते काम करून घेऊ नये.

तिसरा नियम जॉन नॅशच्या १९५० सालच्या निबंधातून आला. दोन पक्ष सौदा करत असताना दोघांना मान्य व्हावी अशी तडजोड कोणती, या प्रश्नावर त्याने काही साध्या अटी मांडल्या आणि त्या सगळ्या पाळणारे उत्तर एकच असल्याचे दाखवले: दोघांच्या लाभांचा गुणाकार जिथे सर्वांत मोठा, ते. गुणाकाराचा गुण असा की एकाचा वाटा शून्याकडे सरकला की सगळा गुणाकारच कोसळतो, त्यामुळे कुणालाही पूर्ण कोरडे ठेवता येत नाही. आणि एकाचा वाटा फार महाग पडत असेल तर त्याच्यासाठी बाकीच्यांना उपाशीही ठेवले जात नाही. यातली एक गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. समजा दोन्ही चाऱ्यांच्या हाती सारखेच पैसे दिले आणि धरणाच्या दारावर पाणी एका भावाने विकायला ठेवले. मुखाचा शेतकरी ६ मापे घेईल, टेलचाही ६ च घेईल आणि त्याच्या शेतात ३ पोहोचतील. म्हणजे गुणाकाराचा नियम आणि सारख्या खिशांचा बाजार यांचे उत्तर एकच येते. एडमंड आयझेनबर्ग आणि डेव्हिड गेल यांनी १९५९ मध्ये हे नाते सर्वसाधारण रूपात सिद्ध केले. दुरून येणाऱ्या पाण्याचा जादा खर्च या नियमात दूरच्या माणसाच्याच नावावर पडतो. तो तसा पडावा का, यावर भांडता येते, भांडायलाही हवे. पण आधी तो तसा पडतो आहे हे दिसले पाहिजे.

आतापर्यंत दोन्ही चाऱ्या सगळ्या बाबतींत सारख्या धरल्या होत्या. प्रत्यक्षात कुणाची जमीन वीस एकर, कुणाची दोन, कुणाची काहीच नाही. मग वाटा कशाच्या प्रमाणात? माझ्या मते हा प्रश्न बेरीज की गुणाकार या प्रश्नापेक्षाही मोठा आहे, आणि त्याचे महाराष्ट्रातले सर्वांत धीट उत्तर कुणा गणितीने दिलेले नाही. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे उद्योजक-अभियंता विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले. पुढे १९७४ मध्ये त्यांनी ग्रामगौरव प्रतिष्ठान उभे केले आणि नायगावला देवस्थानची पडीक जमीन कसायला घेऊन पाणी अडवण्याचे, पुरवून वापरण्याचे प्रयोग केले. त्यातून पाणी पंचायत निघाली. तिचा नियम असा: पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही.

या नियमांकडे गणिताच्या डोळ्यांनी पाहिले की त्यांची झेप कळते. ऊसबंदी आणि अडीच एकर या मर्यादा झाल्या. माणशी अर्धा एकर हे वाटपाचे माप झाले. पण खरा बदल त्याहून आधीच्या पायरीवर आहे. दावेदारांच्या यादीत सातबारा होता, तिथे माणूस आला. यादी बदलल्यावर जुनाच हिशोब वेगळी उत्तरे देऊ लागतो, कारण ज्यांचे नावच यादीत नव्हते त्यांचा वाटा कोणत्याही अल्गोरिदमने काढला नसता. भूमिहीनाला पाणी मिळाले ते कुठल्या चलाख रीतीमुळे नाही, त्याची मोजदाद झाली म्हणून.

खानदेशातल्या फड पद्धतीचाही उल्लेख इथे करायलाच हवा. पांझरा, मोसम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली शेकडो वर्षे चालत आलेली ही व्यवस्था. भिजणारे सगळे क्षेत्र सहसा चार फडांत विभागलेले आणि एका फडात त्या वर्षी सगळ्यांचे एकच पीक. शेतकऱ्याची जमीन एका जागी नसून प्रत्येक फडात तिचा तुकडा. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवला जातो, आणि त्या फडात सगळ्यांचेच तुकडे असल्यामुळे टंचाई आपोआप सगळ्यांवर पसरते. कुणी वाटप करायला बसण्याची गरजच उरत नाही, ते जमिनीच्या आखणीतच झालेले असते. वाटपाचा नियम कागदावर न ठेवता रचनेतच मुरवून टाकण्याची ही युक्ती आजच्या संगणकशास्त्रात पुन्हा पुन्हा भेटते, आणि प्रत्येक वेळी मला पांझरेकाठचे ते फड आठवतात.

दावे वेगवेगळे असले की काय करायचे, हा प्रश्न फार जुना आहे. बॅबिलोनियन तालमूदमधल्या ‘केतुबोत’ या भागात एक माणूस तीन बायका मागे ठेवून मरतो. तिघींच्या विवाहकरारांत १००, २०० आणि ३०० असे दावे आहेत, आणि इस्टेट तेवढी नाही. इस्टेट १०० असेल तर तिघींना सारखे, ३०० असेल तर ५०, १००, १५० असे दाव्यांच्या प्रमाणात, आणि २०० असेल तर ५०, ७५, ७५. पहिले उत्तर समान वाटपाचे, दुसरे प्रमाणशीर आणि तिसरे कशाचेच दिसत नाही. भाष्यकार शतकानुशतके यावर डोके खाजवत होते. १९८५ मध्ये रॉबर्ट ऑमन आणि मायकेल मॅश्लर यांनी दाखवले की तिन्ही उत्तरांमागे एकच नियम आहे. इस्टेट एकूण दाव्यांच्या निम्म्याहून जास्त नसेल तर सगळ्यांना सारखे द्यायचे, पण कुणालाही तिच्या दाव्याच्या निम्म्याहून अधिक नाही. तिघींच्या दाव्यांची निम्मी ५०, १०० आणि १५०. इस्टेट २०० असताना पहिली ५० वर थांबते आणि उरलेले १५० दोघींत सारखे जातात. इस्टेट निम्म्याच्या वर गेली की बाजू पालटायची: मग प्रत्येकीचा तोटा त्याच रीतीने वाटायचा. निम्म्याच्या खाली असताना ‘आपल्याला काय मिळाले’ हे पाहायचे आणि वर असताना ‘आपले काय गेले’ हे, असा हा विचार आहे, आणि दुष्काळी वर्ष व बऱ्या वर्षातले पाणीवाटप वेगळ्या नियमांनी का करावे याचे इतके नेमके कारण मी दुसरीकडे वाचलेले नाही.

हिशोबाची यंत्रणा स्वतंत्रपणे वाढली आणि तिचा इतिहास युद्धांशी, कारखान्यांशी जोडलेला आहे. लेनिनग्राडच्या लिओनिद कांतोरोविचपुढे प्लायवूड उद्योगातला एक प्रश्न आला: कोणत्या यंत्रावर कोणता माल घ्यावा म्हणजे उत्पादन सर्वांत जास्त होईल. त्याने काढलेल्या आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत प्रत्येक मर्यादेला एक आकडा चिकटलेला होता. आज त्याला छाया-किंमत म्हणतात: ती मर्यादा एका मापाने सैल केली तर उद्दिष्ट कितीने वाढेल, तो आकडा. अमेरिकेत हवाई दलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डँट्झिगने १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत दिली आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग व्यवहारात आले. पुढे १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या नरेंद्र करमरकरांनी अगदी वेगळा मार्ग काढला. ग्वाल्हेरच्या मराठी घरात जन्मलेले आणि आयआयटी मुंबईत शिकलेले करमरकर. सिम्प्लेक्स शक्यतांच्या बहुफलकाच्या कडेकडेने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते, करमरकरांची रीत त्याच्या पोटातून जाते. सिम्प्लेक्सला काही प्रश्नांत अतोनात वेळ लागू शकतो हे १९७२ पासून माहीत होते. करमरकरांच्या रीतीला मात्र प्रश्नाच्या आकारानुसार वेळेची बांधलेली मर्यादा आहे आणि ती प्रत्यक्षातही वेगवान निघाली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली होती. हजारो दावेदार आणि हजारो मर्यादा असलेले वाटपाचे प्रश्न आज सहज सुटतात ते या घराण्यातल्या पद्धतींमुळे.

छाया-किंमत ही या पुस्तकातली सर्वांत उपयोगी कल्पना आहे असे मला वाटते. पाणी कुठे अडते आहे हे ती आकड्यात सांगते. एखाद्या चारीच्या वहनक्षमतेची छाया-किंमत शून्य असेल तर तिच्यावर खर्च करून टेलचे काहीही भले होणार नाही, मग तिथे कितीही मोठा भूमिपूजनाचा फलक लागो.

हे सगळे प्रश्न आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही दिवसभर सुटत असतात. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यातला इंटरनेटचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन ठिकाणांतले अंतर अवघे ४०० यार्ड. मार्ग तुंबला होता, माहितीची पाकिटे हरवत होती, हरवलेली पाकिटे सगळे पुन्हा पाठवत होते आणि त्याने तुंबण्यात भरच पडत होती. व्हॅन जेकबसनने यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. मार्ग मोकळा वाटतो तोवर हळूहळू, पायरीपायरीने वेग वाढवायचा. पाकीट हरवले की मार्ग तुंबला असे समजून वेग एकदम कमी करायचा.

यातून न्याय कसा निघतो, हे १९८९ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या दा-मिंग चिऊ आणि राज जैन यांनी दाखवले. त्यांचे गणित इतके देखणे आहे की प्रस्तावनेतच करून पाहू. एका मार्गाची क्षमता १६. त्यावर दोघे, एकाचा वेग १० आणि दुसऱ्याचा २. फरक ८. दोघेही एकेक पायरी वाढवत १२ आणि ४ वर येतात, मार्ग भरतो. दोघेही निम्मे करतात: ६ आणि २. फरक आता ४. पुन्हा वाढवत १० आणि ६, मार्ग भरला, निम्मे: ५ आणि ३. फरक २. पुन्हा ९ आणि ७, निम्मे, फरक १. वाढवताना दोघांतला फरक तसाच राहतो, कमी करताना निम्मा होतो. थोड्याच फेऱ्यांत दोघे सारखे. कुणी पाटकरी नेमलेला नाही, कुणी कुणाचा वेग विचारलेला नाही, दोघांना एकमेकांचे नावही माहीत नाही. कोट्यवधी अनोळखी यंत्रे प्रत्येक क्षणी आपापल्या बाजूने या जातीचा एवढासा नियम पाळतात म्हणून इंटरनेट चालते. फ्रँक केली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या जातीच्या नियमांमागचे ऑप्टिमायझेशन उलगडून दाखवले: तुंबलेला मार्ग स्वतःची छाया-किंमत पाकिटे गमावून कळवत असतो आणि सगळे मिळून एक मोठे गणित सोडवत असतात. ते सोडवत आहेत हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नसताना.

पण इथेही टेल आहेच. ज्याचे पाकीट दुरून जाऊन-येऊन पोहोचते त्याला वाढवण्याची संधी उशिरा मिळते, त्यामुळे टीसीपी या पाकिटे पोहोचवण्याच्या रीतीच्या जुन्या नियमात त्याचा वाटा जाण्या-येण्याच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात घटतो. आणि दावेदार कोण, हा साळुंख्यांचा प्रश्नही इथे जसाच्या तसा उभा आहे. हा नियम वाटा देतो तो जोडणीला, माणसाला नाही. एकाच वेळी दहा जोडण्या उघडणाऱ्याला दहा वाटे. बॉब ब्रिस्को या ब्रिटिश अभियंत्याने २००७ मध्ये या मोजणीवरच कडाडून हल्ला चढवला, आणि त्याचा मुद्दा मला पटतो. जोडण्यांमध्ये कितीही काटेकोर समानता साधली तरी माणसांमध्ये ती येत नाही. बारा एकरांवर बारा मोटारी बसवणाऱ्याला पाळीपाळीने सारखे पाणी देऊन समानता आली असे कुणी म्हणणार नाही. इंटरनेटवर मात्र आपण ते अनेक वर्षे म्हणत आलो.

२००० मध्ये जॉन्गहून मो आणि जाँ वॉलरँड यांनी आपले तिन्ही नियम एका सूत्रात ओवले. सूत्रात एकच आकडा फिरवायचा: शून्य ठेवला तर बेरजेचा नियम, एक ठेवला तर गुणाकाराचा, आणि वाढवत अनंताकडे नेला तर मॅक्स-मिन. मधल्या प्रत्येक आकड्याला मधला एक न्याय. आमच्या कालव्यात तो आकडा शून्यापासून वाढवत नेला की टेलचा वाटा शून्यापासून ४ पर्यंत सलग वाढत जातो. हा आकडा कुणी फिरवायचा, ग्रामसभेने की मंत्रालयाने की कंपनीने, याचे उत्तर सूत्रात नाही.

वाटता न येणाऱ्या वस्तूंचा प्रांत वेगळा, आणि त्याला पुस्तकात एकच प्रकरण दिले आहे. कॉलेजची जागा अर्धी देता येत नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांची १९६२ ची रीत तिथे राज्य करते. आयआयटी, एनआयटी यांचे प्रवेश २०१५ पासून ‘जोसा’मार्फत एकत्र होतात ते याच रीतीच्या आधारावर. त्याआधी एकच विद्यार्थी दोन ठिकाणच्या जागा धरून बसू शकत असे. दरवर्षी पसंतीक्रम भरताना पालक नाना आडाखे बांधतात, म्हणून मूळ रीतीचा एक सिद्ध गुण इथेच सांगतो: तीत जागा मागणाऱ्याने आपली खरी आवड खऱ्या क्रमाने लिहिली तर त्याचे कधीही नुकसान होत नाही. जे कॉलेज मिळणार नाही असे वाटते ते पहिले लिहिल्याने दुसऱ्याची संधी कमी होत नाही.

पुस्तकाचे शेवटचे प्रकरण गोदावरीवर आहे, आणि पुस्तक लिहायला घेतले ते त्या प्रकरणासाठी. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये कलम १२ (६) आहे. टंचाईचा भार समन्यायाने वाटला जावा म्हणून खोऱ्यातल्या किंवा उपखोऱ्यातल्या सगळ्या धरणांत ऑक्टोबरअखेर, खरिपाचा वापर धरून, वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी असावी, असे ते सांगते. वर नाशिक-नगरची धरणे, खाली पैठणचे जायकवाडी. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये या कलमाला कोष्टकांचे रूप दिले. जायकवाडीचा साठा ऑक्टोबरच्या मध्याला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या कोणत्या धरणसमूहाने किती पाणी ठेवायचे आणि किती सोडायचे, हे त्यात आहे. तेव्हापासून कमी पावसाच्या वर्षी हा ६५ आकडा मोर्च्यांत, न्यायालयांत आणि विधानसभेत गाजतो आहे.

आतापर्यंतचे वाचून झालेल्याला या कलमात काय दडले आहे ते लगेच दिसेल. सगळ्यांची टक्केवारी सारखी, म्हणजे वाटप धरणाच्या क्षमतेच्या प्रमाणात. इथे दावेदार धरण आहे. धरणाची क्षमता कुणी, कधी, कोणत्या अंदाजावर ठरवली, त्याखाली किती माणसे, किती जमीन, किती ऊस आणि किती कारखाने आहेत, याचा या टक्केवारीत थेट मागमूस नाही. तरीही हे कलम मोलाचे आहे असे मी मानतो. त्याने पहिल्यांदा वाटणीचा नियम उघड लिहून ठेवला, आणि लिहिलेल्या नियमाशीच वाद घालता येतो. त्याआधी वरच्याने अडवले आणि खालच्याने पाहिले, एवढेच होते. आणि नदीत पाणी सोडल्यावर वाटेत मुरणाऱ्या पाण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात दर वेळी जो झगडा होतो, तो म्हणजे आमच्या दोन चाऱ्यांचेच उदाहरण, शंभरपट मोठ्या आकड्यांनिशी: हिशोब सोडलेल्या पाण्याचा करायचा की पोहोचलेल्या?

पुस्तक वाचायला दहावीपर्यंतचे गणित पुरेल. लॉगॅरिदम जिथे लागतो तिथे तो पहिल्यापासून समजावला आहे. सिद्धता परिशिष्टात आहेत, त्या सोडून वाचले तरी धागा तुटत नाही. उदाहरणे मात्र सोडू नयेत, कागद-पेन्सिल घेऊन ती हाताने करावीत, निदान पहिल्या तीन प्रकरणांतली. गोदावरीच्या प्रकरणात एकाच टंचाईच्या वर्षाचे वाटप तीन पायांवर करून दाखवले आहे: धरणाच्या क्षमतेच्या प्रमाणात, भिजणाऱ्या जमिनीच्या प्रमाणात आणि माणसांच्या प्रमाणात. शेवटी एक रिकामे कोष्टक दिले आहे. पैठणच्या वाचकाने आणि निफाडच्या वाचकाने ते आपापल्या परीने भरावे, आणि मग दोघांनी कोष्टकांची अदलाबदल करावी.